लाईट गेली की फोनही जातो, फक्त थोडा उशिरा

पावसाळ्यात एखादा रुग्ण फार उशिरा दवाखान्यात पोहोचला की मी नातेवाइकांना एक प्रश्न हमखास विचारतो : "लाईट कधी गेली होती?" नव्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटतो. इथं माणसाला दम लागलाय, कुणाच्या छातीत दुखतंय, आणि डॉक्टर विजेची चौकशी करतोय! पण मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावी इतकी वर्षं रुग्ण तपासल्यावर मला हा प्रश्न नाडी बघण्याइतकाच जवळचा झालाय. कारण उत्तर बहुतेक वेळा एकाच वळणानं जातं. "लाईट सांजच्याला गेली, डॉक्टरसाहेब. वाटलं येईल थोड्या वेळात. मग रात्री जास्त झालं, तर फोनच लागंना."

यातला 'फोनच लागंना' हा भाग आपण नशिबावर ढकलतो. वादळ होतं, रेंज गेली, काय करणार? पण रेंज अचानक जात नाही. वीज गेल्यावर किती वेळात आणि का जाते, याला एक ठरलेलं गणित आहे. ते गणित घरात आजारी माणूस, गरोदर बाई किंवा ऑक्सिजनचं यंत्र असलेल्या प्रत्येकाला माहीत असावं, म्हणून हा लेख. औषधांची माहिती जशी देतो, तशीच ही माहिती देतोय.

टॉवरलाही बॅटरी असते

मोबाईलचा टॉवर विजेवर चालतो. त्यावरची यंत्रं साधारण ४८ व्होल्टच्या डीसी विजेवर चालतात. तारेतून आलेली वीज तिथं बदलून घेतली जाते आणि त्याच वेळी टॉवरच्या पायथ्याशी ठेवलेल्या बॅटऱ्या चार्ज होत राहतात. बाहेरची वीज गेली की याच बॅटऱ्या टॉवर चालवतात. म्हणून लाईट गेल्या गेल्या आपला फोन बंद पडत नाही आणि आपल्याला वाटतं, फोनचा आणि लाईटचा काही संबंध नाही.

बॅटरी नवी आणि पूर्ण भरलेली असेल तर काही तास निघतात. जुनी असेल तर तास-दोन तासांतच ती मान टाकते. आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही त्यात वाटा आहे. लेड-ॲसिड बॅटरीचा ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. मे महिन्यात ४२-४३ अंश सोसलेली बॅटरी जूनच्या पहिल्या वादळात किती टिकेल, याचा अंदाज करा. शिवाय दिवसभर लाईट येत-जात असेल तर ती पूर्ण भरतच नाही.

बॅटरीनंतर पाळी येते जनरेटरची, जिथं तो असेल तिथं. त्यात डिझेल लागतं आणि ते कुणीतरी गाडीतून आणून ओतावं लागतं. ओढ्याला पूर आला, रस्त्यावर बाभूळ आडवी पडली की डिझेलची गाडी अडते आणि टॉवर मुका होतो.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, टॉवर एकटा नसतो. खेड्यातला टॉवर बहुतेक वेळा पुढच्या टॉवरशी लहरींनी किंवा फायबरनं जोडलेला असतो. मधला एक टॉवर बंद पडला तर तुमच्या गावच्या टॉवरला वीज असूनही फोन लागत नाही.

दुसरी, अनेक ठिकाणी एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची यंत्रं असतात. "माझ्याकडं दोन सिम आहेत, एक तरी लागेल," हा भरवसा त्यामुळे अर्धाच खरा. सिम दोन, पण टॉवर एक आणि त्याची बॅटरीही एकच.

तिसरी, लाईट गेली की सगळं गाव एकाच वेळी फोन काढतं. "तुमच्याकडं आहे का लाईट?" हे विचारण्यासाठी शंभर फोन लागतात आणि त्या गर्दीत एखाद्याचा खरोखर गरजेचा फोन अडकतो.

जुना तारेचा फोन वेगळा होता, हे पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. घरात अंधार असला तरी तो खणखणायचा. त्याची वीज घरातून येत नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मोठ्या बॅटऱ्यांची वीज त्याच तांब्याच्या तारेतून घरापर्यंत यायची. आज घरात फायबरची जोडणी असेल तर भिंतीवरची डबी आणि राउटर दोन्ही घरच्या लाईटवर चालतात. लाईट गेली आणि इन्व्हर्टर नसेल तर तो फोन त्याच क्षणी गेला. हाताशी उरतो फक्त मोबाईल.

वाट बघण्याची सवय

मग आपण वीज गेल्यावर लगेच हालचाल का करत नाही? मला वाटतं, ही सवय आपल्याला लोडशेडिंगनं लावली. २००५ नंतरची काही वर्षं मराठवाड्यातल्या खेड्यांनी रोज कित्येक तासांचं भारनियमन सोसलं. पण त्याला वेळापत्रक होतं. सकाळी अमुक वाजता जाणार, दुपारी तमुक वाजता येणार. पाण्याची मोटर, पिठाची गिरणी, मुलांचा अभ्यास, सगळं त्या वेळापत्रकाला बांधलेलं. लाईट जाणं म्हणजे संकट नव्हे, ती परत येईपर्यंत थांबायचं, हे आपल्या अंगवळणी पडलं.

वादळानं किंवा पुरानं गेलेल्या लाईटला वेळापत्रक नसतं. खांब पडलाय, तार तुटलीय, रोहित्र जळालंय की उपकेंद्रातच पाणी शिरलंय, हे घरात बसून कळत नाही. लाईनमनलाही अंधारात, पावसात, चिखलातून तो बिघाड शोधत जावं लागतं. त्यामुळे 'येईल थोड्या वेळात' हा अंदाज इथं चालत नाही. आणि आपण थांबतो तेवढा वेळ टॉवरची बॅटरी उतरत असते.

वैद्यकशास्त्रात 'तीन उशीर' अशी एक मांडणी आहे. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी ती १९९४ साली मातामृत्यूंच्या संदर्भात मांडली. बाई दगावते ती बहुतेक वेळा तीनपैकी एखाद्या उशिरानं : दवाखान्यात जायचं ठरवायला झालेला उशीर, तिथं पोहोचायला झालेला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. आपल्या भागात मी रोज बघतो की ही मांडणी बाळंतपणाइतकीच हार्ट अटॅकला, लकव्याला, दम्यालाही लागू पडते.

फोन बंद पडला की यातले पहिले दोन उशीर एकदम वाढतात. ठरवण्यासाठी कुणाला विचारता येत नाही आणि पोहोचण्यासाठी गाडी बोलावता येत नाही. तिसरा उशीरही थोडा वाढतोच, कारण आधी कळलं असतं तर आम्ही तयारी करून ठेवली असती.

एक वादळ, दोन घरं

काही वर्षांपूर्वीची जूनमधली एक रात्र सांगतो. ओळख पटू नये म्हणून गावांची नावं आणि काही तपशील गाळतोय.

संध्याकाळी सातच्या सुमारास वादळ झालं आणि आसपासच्या बऱ्याच गावांची लाईट गेली. एका घरात पासष्टीचे एक गृहस्थ होते. पन्नास वर्षं बिडी ओढून फुप्फुसं झिजलेली, ज्याला आम्ही सीओपीडी म्हणतो. घरी ऑक्सिजनचं यंत्र होतं, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर. घरच्यांनी खर्च करून इन्व्हर्टरही घेतला होता. त्यामुळे लाईट गेल्यावर कुणी घाबरलं नाही.

आता हिशेब बघा. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट वीज खातो. घरातल्या १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-अवर वीज असते, प्रत्यक्षात हाताशी येते ती १,२०० च्या आसपास. म्हणजे यंत्र एकटंच चालवलं तरी साडेतीन तास. त्यावर दोन पंखे आणि तीन दिवे चालू असतील तर त्याहून कमी. साडेदहाच्या आत यंत्रानं शिट्टी वाजवायला सुरुवात केली. "बघू थोडा वेळ" म्हणत अकरा वाजले. मुलानं फोन उचलला तेव्हा स्क्रीनवर रेंजची एकही काडी नव्हती.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घरचा इन्व्हर्टर आणि गावचा टॉवर दोन्ही बॅटरीवर चालतात आणि दोन्ही साधारण तितकेच तास टिकतात. म्हणजे घरातलं यंत्र बंद पडून मदतीची गरज लागते, नेमका तेव्हाच मदत मागायचा रस्ताही बंद होतो. इन्व्हर्टर संपल्यावर फोन करू, हा बेत म्हणूनच फसतो.

मुलानं मोटरसायकलवर शेजारच्या गावी जाऊन जीप मिळवली. पहाटे चारला ते माझ्याकडे आले तेव्हा ऑक्सिजनची पातळी ६६ होती. ऑक्सिजन लावून त्यांना नांदेडला पाठवलं. अकरा दिवसांनी ते घरी परतले. जीव वाचला, पण आधी ते ओट्यापर्यंत चालत येऊन बसायचे, ते पुन्हा कधी जमलं नाही.

त्याच वादळात दुसऱ्या गावी एक सून नऊ महिने भरलेली होती. तारीख दोन दिवसांनी होती, कळा नव्हत्या. तिच्या सासूबाईंना अक्षरओळख नाही. लाईट गेल्यावर अर्ध्या तासात त्यांनी आशाताईला फोन लावला, गाडी बोलावली आणि सुनेला पिशवीसकट ग्रामीण रुग्णालयात नेऊन बसवलं. "कळा नाहीत तर आत्ताच कशाला आणलं?" असं तिथं कुणीतरी विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, "रातच्याला कळा आल्या अन् रेंज नसली तर म्या कुणाला हाका मारू?" सून दुसऱ्या दिवशी दुपारी बाळंत झाली. बाळाच्या मानेभोवती नाळेचा वेढा होता, पण सगळी माणसं हजर होती आणि काही बिघडलं नाही.

दोन्ही घरं काळजी घेणारी होती. एका घरानं लाईट येईल म्हणून वाट पाहिली, दुसऱ्या घरानं रेंज जाईल हे धरून चाललं. एवढाच फरक.

हे फक्त आपल्याकडंच होतं का?

नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब आडवे झाले, कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात राहिली आणि त्यांच्याबरोबर मोबाईलही मुके झाले. पुण्या-मुंबईतल्या चाकरमान्यांना गावाकडचे आई-वडील सुखरूप आहेत की नाहीत एवढंही कळेना. त्यात कोरोनाची साथ चालू.

श्रीमंत देशांतही हेच घडतं. २८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकाच वेळी गेली. सुरुवातीला फोन चालत होते. जसजशा टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या तसतसे भागाभागातले फोन बंद पडत गेले. आपल्या गावी होतं त्याच क्रमानं.

सगळ्यात डोळे उघडणारा अनुभव पोर्टो रिको बेटाचा आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथं मारिया चक्रीवादळ आलं. सुरुवातीचा सरकारी आकडा ६४ मृत्यूंचा होता. नंतरच्या अभ्यासातून निघालेला २,९७५ हा अंदाज सरकारनं मान्य केला. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली संशोधकांनी घरोघर जाऊन केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. वादळानंतरच्या काही महिन्यांत तिथल्या घरांनी सरासरी ८४ दिवस विजेविना आणि ४१ दिवस मोबाईल सेवेविना काढले होते. आणि वादळानंतरच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यू उपचार उशिरा मिळाल्यानं किंवा मध्येच तुटल्यानं झाले होते. वारा थांबल्यावर, पाणी ओसरल्यावर, घरात, शांतपणे. अशा मृत्यूला वादळाचा बळी म्हणून कुणी मोजत नाही. आपल्या गावातही नाही.

लाईट गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात

घरात ऑक्सिजनवरचा रुग्ण, नववा महिना भरत आलेली बाई, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस, डायलिसिसवरचा रुग्ण किंवा फिट येणारं मूल असेल तर मेणबत्ती शोधण्याआधी फोन हातात घ्या.

एक फोन १९१२ वर करा, वीज कंपनीचा तक्रार क्रमांक. बिघाड लहान आहे की मोठा याचा अंदाज मिळाला तर बघा. वादळ किंवा पूर असेल तर तो मोठाच आहे असं धरून चाला.

दुसरा फोन नातेवाइकाला किंवा ओळखीच्या गाडीवाल्याला : "लाईट गेलीय, रात्री गरज लागू शकते, तुझी गाडी कुठं आहे?" गरज नसताना केलेला हा फोन गरज पडल्यावर लागत नसतो.

तिसरा फोन आशाताईला किंवा तुमच्या डॉक्टरला. आधीच काही त्रास सुरू असेल तर हा निर्णय रेंज असतानाच घ्यायचा असतो : घरी थांबायचं की आत्ताच निघायचं? गोदाकाठच्या गावांनी, विष्णुपुरीचे दरवाजे उघडल्याची बातमी असेल तर, निघण्याच्या बाजूनं कौल द्यावा.

ऑक्सिजनवर रुग्ण असेल तर इन्व्हर्टरवरचं बाकी सगळं बंद करून फक्त यंत्र चालवा आणि किती वाजता बॅटरी संपेल ते कागदावर लिहा. शक्य असेल त्यांनी एक भरलेला छोटा सिलिंडर घरी ठेवावा. 'बी' प्रकारच्या सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटरनं तो बारा तास पुरतो. घाबरून प्रवाह वाढवू नका. सीओपीडीच्या बहुतेक रुग्णांत बोटावरच्या यंत्रात ८८ ते ९२ दिसलं तरी पुरेसं असतं. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन त्यांना गुंगी आणू शकतो.

मग फोनची बॅटरी जपा. रेंज कमकुवत असेल तर फोन टॉवर शोधण्यात दुप्पट दमतो आणि बॅटरी झरझर उतरते. नेट बंद करा. घरातला एकच फोन चालू ठेवा, बाकीचे बंद. एखादा जुना बटणांचा फोन असेल तर तो सोन्यासारखा जपा. एका चार्जवर तो काही दिवस निघतो. ट्रॅक्टर, जीप किंवा मोटरसायकलच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा चार्जर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. आणि "तुमच्याकडं लाईट आहे का" हे फोन टाळा. ती जागा कुणाला तरी १०८ साठी लागत असेल.

रेंजची एकच काडी असेल तर

बोलणं होत नसेल तर साधा मेसेज पाठवा. व्हॉट्सॲप नव्हे, साधा एसएमएस. त्याला फार थोडी रेंज पुरते. पलीकडचा फोन बंद असला तरी तो कंपनीकडे थांबून राहतो आणि संधी मिळताच पोहोचतो.

हा मेसेज कुणाला, हे आधीच ठरवून ठेवा. वीज असलेल्या शहरातला एक नातेवाईक निवडा आणि त्याला सांगून ठेवा : माझा मेसेज आला की तू माझ्यासाठी १०८ लाव. इथं आपल्या भागातली एक अडचण लक्षात घ्या. नांदेड जिल्ह्यातली कितीतरी मुलं हैदराबादला नोकरीला आहेत. पण हैदराबादहून १०८ लावला तर तो तेलंगणाच्या केंद्रात जातो. म्हणून हा नातेवाईक नांदेड, संभाजीनगर, पुणे अशा महाराष्ट्रातल्या गावचा हवा.

आपला १०८ चा फोन पुण्याच्या केंद्रात उचलला जातो, तिथून जवळची रुग्णवाहिका निघते. फोन उचलणाऱ्याला आपला भाग डोळ्यांसमोर दिसत नसतो. आणि आपल्या एकाच जिल्ह्यात दोन तालुके आहेत : मुदखेड आणि मुखेड. एक गोदावरीच्या अलीकडे, दुसरा पलीकडे, मध्ये कित्येक मैल. ऑगस्ट २०२५ मध्ये अतिवृष्टीनं हसनाळ, रावणगाव ही गावं पाण्याखाली गेली ती मुखेड तालुक्यातली. तेव्हा बाहेरगावच्या लोकांनी आमची चौकशी करायला फोन केले होते, इतकी ही नावं कानाला सारखी लागतात. तुटत्या आवाजात 'मुदखेड' मधला 'द' सहज गळून जातो. म्हणून नुसतं मुदखेड म्हणू नका. "मुदखेड, रेल्वे जंक्शनचं, भोकरच्या बाजूचं" असं म्हणा. मग गावाचं नाव, जवळची खूण, रुग्णाला काय होतंय आणि दुसरा फोन नंबर. एवढं अर्ध्या मिनिटात सांगता येतं. मुखेडकरांनीही अशीच आपली खूण ठरवावी.

स्क्रीनवर 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' दिसत असेल तर निराश होऊ नका. त्याचा अर्थ असा की तुमच्या कंपनीचा टॉवर बंद आहे, पण दुसऱ्या कुणाचा तरी चालू आहे. अशा वेळी ११२ लावा. हा क्रमांक मोबाईलच्या जागतिक मानकातच बसवलेला आहे आणि तो दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जाऊ शकतो. २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे स्मार्टफोनचं पॉवर बटण लागोपाठ तीनदा दाबलं, किंवा बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं, तरी आपत्कालीन कॉल लागायची सोय असते. तुमच्या फोनमध्ये ती कशी आहे हे मुलांकडून आजच समजून घ्या. मात्र गंमत म्हणून लावून बघू नका.

आणि मोबाईल पूर्ण मेला तर? पोलीस ठाण्यात जा. पोलिसांची बिनतारी यंत्रणा मोबाईलच्या टॉवरवर अवलंबून नसते. "पोलिसांत कशाला जायचं" असा संकोच आपल्याकडं असतो, पण रुग्णासाठी मदत मागायला जाणं ही तक्रार नव्हे.

कधी फोनची वाटच बघायची नाही

काही आजारांत फोन लागतो की नाही हे बघत बसणंच घातक. साप चावला, तर मिळेल त्या वाहनानं निघा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषारी सापांवरची लस ग्रामीण रुग्णालयात मिळते. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर तो लकवा. साडेचार तासांच्या आत मोठ्या रुग्णालयात पोहोचलं तर गुठळी विरघळवणारं औषध देता येऊ शकतं. छातीत दाबल्यासारखं दुखून घाम फुटला, बाळंतपणाआधी किंवा नंतर रक्त जाऊ लागलं, गरोदर बाईला झटके आले, तर निघाच. एकजण फोन लावत राहील, बाकीच्यांनी गाडी काढावी.

उलट काही गोष्टींसाठी फोनही लागत नाही आणि घाबरायचंही कारण नाही. इन्सुलिन हा त्यातला नेहमीचा प्रश्न. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चांगली राहतात. एका रात्रीच्या अंधारानं ती खराब होत नाहीत. फ्रिज वारंवार उघडू नका. उन्हाळा असेल तर बाटली पिशवीत गुंडाळून माठाच्या गारव्याला ठेवा. बर्फात मात्र ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. बीपीच्या, थायरॉइडच्या गोळ्यांनाही एका रात्रीत काही होत नाही.

दारामागचा कागद

आमच्या पिढीला दहा-बारा फोन नंबर पाठ असायचे. आता नंबर फोनमध्ये असतात आणि फोन बंद पडला की नंबरही अंधारात जातात. शेजाऱ्याच्या चालू फोनवरून स्वतःच्या मुलाला लावायचा नंबर आठवत नाही, अशी माणसं मी पाहिली आहेत.

म्हणून पावसाळ्याआधी एक कागद लिहा आणि दारामागे चिकटवा. मोठ्या अक्षरांत, शाई पेनानं नव्हे, बॉलपेनानं, म्हणजे ओल लागली तरी पुसणार नाही. त्यावर एवढंच : १०८, १०२, ११२, १९१२. आशाताईचा नंबर. दोन गाडीवाल्यांचे नंबर, एक आपल्या गावातला, एक शेजारच्या. महाराष्ट्रातल्या त्या नातेवाइकाचा नंबर. रुग्णाचं नाव, आजार, चालू गोळ्या, रक्तगट. पोलीस ठाण्याचा आणि जवळच्या रुग्णालयाचा नंबर. सगळ्यात खाली एक ओळ : 'लाईट गेल्यावर अर्ध्या तासात ठरवायचं.'

माझ्याकडे पुढच्या तपासणीला याल तेव्हा हा कागद सोबत आणा. गोळ्यांची नावं आणि डोस मी तपासून देतो. गाडीवाल्यांचे नंबर मात्र तुम्हीच एकदा लावून बघा.